रंगाआधी अंग पाहावे

अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेल्या फुलपाखराच्या छायाचित्राखाली ‘कॉमन रोझ’ असे लिहिले आहेस. मागच्या पंखांवरचे पांढरे ठिपके आणि कडेच्या लालसर चंद्रकोरी पाहता तसे वाटणे स्वाभाविक आहे, परंतु आता पंख सोडून शरीराकडे पाहा. कॉमन रोझचे डोके, शरीराच्या बाजू आणि पोटाचे टोक लालभडक असते. तुझ्या छायाचित्रातले शरीर मात्र पूर्ण काळे आहे. ती कॉमन मॉरमॉन या दुसऱ्याच जातीच्या फुलपाखराची मादी आहे. रोझची अळी ईश्वरीच्या वेलीवर वाढते, त्या वेलीतले विष अंगात साठवते आणि ते पुढे फुलपाखरातही उतरते, म्हणून अनुभवाने शहाणे झालेले पक्षी त्याच्या वाटेला जात नाहीत. मॉरमॉनच्या अंगात असे विष नसते, पण तिच्या काही माद्या रोझचेच रूप घेऊन त्या धाकाचा लाभ उठवतात. काही माद्या क्रिमझन रोझ या आणखी एका फुलपाखरासारख्या दिसतात, तर काही आपल्याच नरासारख्या. एकाच जातीत मादीची तीन रूपे असतील, तर नुसते रंग जुळवून नाव ठरवणे कुठवर पुरणार?

म्हणून नव्या जागा शोधत फिरण्याआधी घरामागच्या कढीपत्त्याकडे रोज थोडा वेळ लक्ष दे, असे मी आग्रहाने सांगेन. मॉरमॉनची मादी पुढच्या पायांनी पानावर टकटक करते, पायांनीच पानाची चव घेते आणि खात्री पटल्यावर फिकट पिवळे, गोल असे एकच अंडे चिकटवून पुढे जाते. त्यातून निघालेली अळी आधी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते आणि मोठी होताना हिरवी होते. तिला गवताच्या काडीने हलकेच स्पर्श केलास, तर डोक्यामागून लाल, दुभंगलेले शिंगासारखे इंद्रिय बाहेर येते आणि उग्र वास सुटतो. एवढे पाहिल्यावर ती जात तुझ्या कायमची ओळखीची होईल. नोंद करताना झाडाचे नाव, तारीख आणि ठिकाण अवश्य लिही, आणि मिटलेल्या पंखांची खालची बाजू टिपल्याखेरीज समाधान मानू नकोस. लहान निळ्या फुलपाखरांची ओळख तर बहुधा त्याच बाजूच्या ठिपक्यांवरून पटते.

फुलपाखरू आणि पतंग यांतला फरक शोधताना आधी मिशा पाहा. फुलपाखराच्या मिशांची टोके जाडसर असतात. पतंगाच्या मिशा बहुधा दोऱ्यासारख्या किंवा पिसासारख्या असतात. बसण्याच्या ढबीवर किंवा वेळेवर विसंबू नकोस. दिवसा उडणारे पतंग पुष्कळ आहेत, आणि तिन्हीसांजेला दिव्याजवळ येणारे मातकट कॉमन इव्हनिंग ब्राऊन हे फुलपाखरूच आहे. पावसाळ्यात त्याच्या पंखांखाली डोळ्यांसारखे ठळक ठिपके असतात, तर कोरड्या ऋतूतल्या पिढीत ते जवळजवळ नाहीसे होऊन पंख वाळक्या पानासारखे दिसतात.

पतंगांना दुय्यम मानू नकोस, एवढी माझी कळकळीची विनंती आहे. भारतात फुलपाखरांच्या जाती हजार-दीड हजारांच्या घरात आहेत, तर पतंगांच्या दहा हजारांहून अधिक. कण्हेरीवरच्या जाड हिरव्या अळीतून निघणाऱ्या ओलिअँडर हॉक मॉथची हिरवी नक्षी पाहिलीस, की या मंडळींना रंग नसतो असे तू म्हणणार नाहीस. मात्र अनेक पतंगांची जात छायाचित्रावरून सांगताच येत नाही. त्यासाठी सूक्ष्मदर्शकाखाली जननेंद्रिये तपासावी लागतात. अशा वेळी कुळापर्यंत किंवा प्रजातीपर्यंत (म्हणजे जातीच्या वरच्या गटापर्यंत, ‘जीनस’पर्यंत) थांबणे हेच प्रामाणिक उत्तर आहे, त्यात कमीपणा नाही.

अमावास्येच्या आसपास दमट, बिनवाऱ्याची रात्र पाहून अंगणात पांढरी चादर टांग आणि तिच्यासमोर दिवा लाव. पतंगांना हाताने धरू नकोस, कारण पंखांवरचे खवले झडले की पुन्हा येत नाहीत. पहाटेपूर्वी दिवा मालव आणि चादरीवरचे पतंग अलगद झुडपात सोड, नाही तर उजाडताच बुलबुल आणि दयाळ त्यांना टिपून नेतील.