डेरिक रोझची उडी शिकण्याआधी उतरणं शीक
बास्केटबॉलपटू रोझच्या उड्या बघून सराव करतोस, चांगलंच आहे. पण 28 एप्रिल 2012 चा सामनाही बघ. आदल्याच वर्षी, 22 व्या वर्षी, तो एनबीए या अमेरिकी बास्केटबॉल लीगचा सर्वांत तरुण एमव्हीपी, म्हणजे मोसमातला सर्वोत्तम खेळाडू, झाला होता. त्याचा संघ शिकागो बुल्स 12 गुणांनी पुढे, दीड मिनिटही उरलं नव्हतं, आणि झेप घेऊन थांबताना डाव्या गुडघ्याचं एसीएल, म्हणजे गुडघा स्थिर ठेवणारं लिगामेंट, फाटलं. पुढचा अख्खा मोसम हुकला.

उतरताना दोन पायांत खांद्यांच्या रुंदीइतकं अंतर, गुडघे वाकलेले आणि पायाच्या बोटांच्या रेषेत ठेव. समोरून मोबाईलवर शूट कर. दमल्यावर गुडघे आत झुकू लागले, की तिथेच सराव थांबव. एसीएलची शस्त्रक्रिया झालीच, तर नऊ महिन्यांआधी सामना नाही. दुखत नाही एवढ्यावर जाऊ नकोस. त्या पायाची ताकद दुसऱ्या पायाच्या किमान 90 टक्के भरली पाहिजे.