वाचकांचे प्रश्न : पक्षी पाहायला सुरुवात कुठून करावी?

प्रश्न : गेल्या हिवाळ्यात पक्षिमित्रांच्या फेरीला गेलो. बरोबरचे लोक भराभर नावं सांगत होते, मला झाडात पक्षी सापडायच्या आत तो उडालेला असायचा. घरी येऊन पुस्तक उघडलं तर सगळे सारखेच वाटतात. लोकांना या छंदाची एवढी गोडी लागते तरी कशी?
– एक वाचक, अमळनेर

उत्तर : मोठ्या फेरीत नवखा माणूस हमखास मागे पडतो. एका सकाळी तीस-चाळीस नावं कानावर पडतात आणि संध्याकाळपर्यंत एकही आठवत नाही. काही दिवस फेऱ्या बाजूला ठेवा. घरापासून चालत दहा मिनिटांवरची एकच जागा धरा. शेताचा बांध, नाल्याचा काठ, गावाबाहेरचं उंबराचं झाड, काहीही चालेल. आठवड्यातून दोनदा, दिवस उगवल्यावर पहिल्या तासात तिथे जा आणि अर्धा तास एका जागी बसून राहा. माणूस हलत नाही असं दिसलं की पक्षी थोड्याच वेळात आपापल्या कामाला लागतात.

पहिल्या महिन्यात साळुंकी, बुलबुल, कोतवाल, वेडा राघू, दयाळ, सातभाई, शिंजीर, टिटवी, वंचक आणि तांबट एवढेच दहा पक्के करा. पक्के करा म्हणजे त्यांची कामं पाहा. तारेवरचा वेडा राघू झेप घेतो, हवेतच किडा धरतो आणि बहुधा त्याच जागी परत येतो. मधमाशी सापडली असेल तर तिला तारेवर आपटून, घासून नांगी निकामी करतो, मगच गिळतो. शेतात वखर किंवा ट्रॅक्टर चालू असला की कोतवाल आणि गायबगळे मागे येतात, कारण उलटलेल्या मातीतून किडे वर येतात. असं पाहिलेलं विसरायला होत नाही, नुसतं पाठ केलेलं नाव विसरतं.

वर्षभर तीच जागा धरायला सांगतो, कारण बरेच पक्षी ऋतूप्रमाणे रूप बदलतात आणि नवखे तिथेच फसतात. पावसाळ्यानंतर शिंजीर नर पिवळसर दिसतो, गळ्याखाली मधोमध एक काळी रेघ असते. उन्हाळ्याच्या तोंडावर तोच जांभळट काळा झळकतो. वहीत त्याचे दोन वेगळे पक्षी झालेले आम्ही पुष्कळदा पाहतो. वंचक एरवी मातकट रेघांचा, विणीच्या दिवसांत पाठीवर गडद तांबूस. सुगरण नर पावसाळ्यात डोक्यावर पिवळाधमक, हिवाळ्यात थेट चिमणीसारखा. हा बदल आपल्याच बांधावर होताना पाहिला की पुढच्या वर्षीची वाट पाहावीशी वाटते. आमच्या मते गोडी लागते ती इथे.

अनोळखी पक्षी दिसला तर पुस्तक आधी उघडू नका. चित्र पाहिलं की डोळा तेच शोधू लागतो. आधी वहीत लिहा : आकार चिमणीएवढा, साळुंकीएवढा की कावळ्याएवढा, चोच जाड की बारीक, शेपटी कशी हलवतो, जमिनीवर होता की शेंड्यावर. तारीख, वेळ आणि जागा. रंग शेवटी, कारण उन्हाच्या दिशेप्रमाणे रंग फसवतो.

प्रश्न : दुर्बीण कोणती घ्यावी? दुकानदार म्हणतो, जास्त पटींची घ्या.
– एक वाचक, शिरपूर

उत्तर : ८×४२ घ्या. आठ म्हणजे किती पट मोठं दिसेल, बेचाळीस म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. पट वाढली की हाताचा कंपही तेवढाच वाढतो आणि नजरेत मावणारा भाग सहसा लहान होतो, त्यामुळे फांदीतला पक्षी सापडत नाही. पट कमी-जास्त करता येणाऱ्या स्वस्त दुर्बिणी टाळा. त्यांत चित्र अंधुक येतं.

घेतल्यावर ती आपल्या डोळ्यांना लावून घ्या. दूरवरची एखादी पाटी निवडा. उजवा डोळा मिटून मधल्या चाकाने पाटी स्पष्ट करा. मग डावा मिटा आणि मधल्या चाकाला हात न लावता उजव्या नळीवरची कडी फिरवा. त्यानंतर फक्त मधलं चाक वापरायचं. चष्मा असेल तर डोळ्याकडच्या रबरी वाट्या खाली दुमडा, नाहीतर कडेला काळं दिसतं. पक्षी दिसला की नजर त्याच्यावरून न हलवता दुर्बीण डोळ्यांपाशी आणा. मान खाली घातली की पक्षी हरवतो.

आपल्याकडे दुर्बिणीचा शत्रू धूळ. भिंग रुमालाने पुसलं तर बारीक कण घासले जाऊन त्यावरचा थर ओरखडतो. आधी मऊ ब्रशने धूळ झटका, मगच भिंगाचं कापड वापरा. आणि ऊन चढल्यावर काळ्या रानावर किंवा पाण्यावर चित्र थरथरत असेल, तर दुर्बीण परत करायला जाऊ नका. ती तापलेली हवा आहे.

प्रश्न : शहादा तालुक्यात सागाच्या झाडावर भरदिवसा पिंगळा पाहिला. तो दुर्मिळ वन पिंगळा असेल का?
– एक वाचक, नंदुरबार

उत्तर : असू शकतो, पण नुसता दिवसा दिसला एवढ्यावर ठरवू नका. साधा पिंगळाही दिवसा दिसतो. डोकं पाहा. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके स्पष्ट असतात. वन पिंगळ्याचं डोकं मोठं आणि जवळजवळ बिनठिपक्यांचं, शेपटीवर रुंद पांढरे पट्टे, पोट मधोमध पांढरं स्वच्छ. तो शेपटी बाजूंना झटकतो. याच जंगलात तिसराही एक पिंगळा आहे. त्याच्या डोक्यावर आणि अंगावर दाट आडव्या रेघा असतात.

तुमच्या तालुक्याचा उल्लेख महत्त्वाचा आहे. १८८४ नंतर वन पिंगळा पुन्हा खात्रीने दिसला तो १९९७ च्या नोव्हेंबरमध्ये, शहाद्याजवळच. मधली ११३ वर्षं तो नामशेष झाला असावा असंच अनेकांना वाटत होतं. म्हणून कळकळीची विनंती : मोबाइलवर त्याचा आवाज वाजवून त्याला बोलावू नका. आपल्या हद्दीत दुसरा नर शिरला असं समजून तो खाणं किंवा घरटं सोडून धावत येतो. घरट्याची जागाही कुठे टाकू नका. फोटो लांबून काढा आणि वनविभागाला कळवा.

प्रश्न : हतनूर धरणावर बदकं पाहायला कधी जावं?
– एक वाचक, भुसावळ

उत्तर : नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारी अखेरपर्यंत. सकाळी पाण्याच्या पूर्व काठावर उभे राहा, म्हणजे ऊन पाठीशी राहील. समोरून ऊन आलं तर थापट्या, तलवार बदक, चक्रवाक सगळे काळेच दिसतात. थव्याने चरणं थांबवून माना वर केल्या की तिथेच थांबा. आणखी पुढे गेलात तर सगळा थवा उडेल.

प्रश्न : मे महिन्यात गच्चीवर पाणी ठेवतो, पक्षी येत नाहीत.
– एक वाचक, जळगाव

उत्तर : भांडं खोल असेल. मातीची पसरट परळ घ्या, पाणी दोन इंचांपेक्षा जास्त नको, मध्ये एक खडबडीत दगड ठेवा. जागा सावलीची हवी, पण मांजराला दबा धरता येईल अशा कुंड्यांपासून चांगली लांब. पाणी रोज बदला, नाहीतर डास होतात. शेवाळ साबणाने नाही, नारळाच्या शेंडीने घासून काढा.