थेरपिस्ट थेट सल्ला का देत नाहीत?

प्रश्न : वडील गेल्यानंतर काही महिन्यांतच माझा घटस्फोट झाला. आता नोकरी सोडून आईजवळ राहायला जावे का, हे मला ठरवता येत नाही. मैत्रिणीच्या आग्रहावरून मी थेरपिस्टकडे जाऊ लागले. त्या मन लावून ऐकतात, परंतु 'मी काय करू?' असे विचारले की उलट मलाच प्रश्न विचारतात. अलीकडे झोपही नीट लागत नाही. सल्ला मिळणारच नसेल, तर तेथे जाण्याचा उपयोग काय? — एक वाचक

उत्तर : लागोपाठ दोन आघात सोसल्यावर कोणीतरी ठामपणे वाट दाखवावी, असे वाटणे अगदी स्वाभाविक आहे. तरीही नोकरीचा निर्णय तुमच्या थेरपिस्टनी स्वतःकडे घेतला नाही, हे मला योग्य वाटते. कारण त्या निर्णयासह जगायचे तुम्हाला आहे, आणि दुसऱ्याच्या सांगण्यावरून उचललेले पाऊल चुकले, तर आधीच डळमळलेला आत्मविश्वास आणखी खचतो.

'आईजवळ गेल्यावर नेमके काय बदलेल?' असे त्या विचारतात, तेव्हा आईची काळजी, एकटेपणाची भीती आणि घटस्फोटाबद्दल वाटणारा संकोच या एकमेकींत गुंतलेल्या गोष्टी सुट्या होऊ लागतात. केवळ आजच्या दुःखापासून दूर जाण्यासाठी नोकरी सोडावीशी वाटते आहे की खरोखरच आईच्या सहवासात राहायचे आहे, हे त्यानंतरच तुमचे तुम्हाला उमगू शकते. कार्ल रॉजर्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी थेरपीतून बदल घडावा यासाठी १९५७ मध्ये मांडलेल्या अटींमध्ये समोरच्या व्यक्तीचा विनाअट स्वीकार, तिच्या जागी राहून तिला समजून घेणे आणि थेरपिस्टच्या वागण्यातील सच्चेपणा यांना मोठे स्थान आहे. मन लावून ऐकणे हा या कामाचाच भाग आहे.

मात्र सगळे ऐकण्यावरच थांबावे, असे मी म्हणणार नाही. आरोन बेक या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांनी १९६० च्या दशकात विकसित केलेल्या उपचारपद्धतीत 'माझ्यामुळेच संसार मोडला' यांसारखा विचार वस्तुस्थितीशी ताडून पाहिला जातो आणि दोन भेटींच्या मधल्या काळात करण्यासाठी ठरावीक कामही दिले जाते. तसेच, काय साधायचे आणि ते कोणत्या मार्गाने, याविषयी दोघांचे एकमत आणि परस्परांतील विश्वास यांवर उपचारातील सहकार्य उभे असते, असे एडवर्ड बोर्डिन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये मांडले. तुमच्या बाबतीत हे एकमतच झालेले दिसत नाही. म्हणून जे मला लिहिलेत, ते पुढच्या भेटीत थेट त्यांनाच सांगा : 'मला दिशा मिळत नाही असे वाटते, आपण कशासाठी काम करत आहोत?' चांगल्या थेरपिस्टला अशा नाराजीचा राग येत नाही. स्पष्ट बोलूनही उत्तर मोघमच मिळत राहिले, तर थेरपिस्ट बदलण्यात काहीही गैर नाही, आणि त्याबद्दल अपराधी वाटून घेऊ नका.

झोपेची तक्रारही त्यांच्यापासून लपवू नका. झोप न लागण्याबरोबरच दोन आठवडे किंवा त्याहून अधिक काळ मन सतत खिन्न राहत असेल, कशातच रस वाटत नसेल, तर मनोविकारतज्ज्ञांकडून तपासणी करून घ्या; औषधांची गरज आहे की नाही, हे तेच ठरवू शकतात. जगणे नकोसे वाटू लागले, तर मात्र पुढच्या भेटीची वाट पाहू नका. त्याच दिवशी थेरपिस्टना, डॉक्टरांना किंवा जवळच्या व्यक्तीला सांगा. अशा वेळी थेरपिस्टसुद्धा प्रश्न बाजूला ठेवून काय करायचे ते स्पष्टपणे सांगतात.