ग्रुपवरचा मेसेज आधी काढ

प्रिय बाळा,
सप्रेम सलाम.

परवा चर्चच्या क्वायरच्या (गायकगटाच्या) प्रॅक्टिसला जे झालं ते कळलं मला. तुझा राग खोटा होता असं मी म्हणत नाहीये, तो पोरगा तीन आठवडे उशिरा येतोय आणि वर मोबाईल काढून बसतो, कुणालाही राग येईल. पण सगळ्यांदेखत "उद्यापासून येऊ नकोस" म्हणालास आणि रात्री तेच परत तरुण संघाच्या ग्रुपवर टाकलंस, ते वाचून मला झोप लागली नाही.

कारण हे मी केलंय. संडे स्कूलच्या एका मुलाला दानाच्या पिशवीतून पैसे काढताना पकडलं आणि सगळ्या वर्गासमोर उभं करून वाट्टेल ते बोललो. चोरी त्याने केलीच होती, त्यामुळे मला वाटलं आपलं बरोबर आहे. तो परत कधी चर्चला आला नाही. आजही पिशवी फिरायला लागली की तो दिसतो मला.

बायबलमधल्या गलतीकरांस पत्रात (६:१) प्रेषित पौल म्हणतो, चुकलेल्याला सौम्य वृत्तीने ताळ्यावर आणा. "ताळ्यावर आणा"साठी तिथे असलेला मूळ ग्रीक शब्द मार्क १:१९ मध्येही आहे, याकोब आणि योहान मचव्यात बसून जाळी नीट करत होते ना, तिथे. फाटलेलं जाळं कुणी हिसके देऊन शिवतं का, मांडीवर घेऊन एकेक गाठ बघावी लागते.

आणि येशूच्या शिष्याचं, पेत्राचं बघ. मी याचा शिष्य नाही म्हणत त्याने प्रभू येशूला नाकारलं ते कोळशाच्या विस्तवाशी शेकत असताना, आणि योहानाच्या शुभवर्तमानात (अध्याय २१) समुद्रकाठी प्रभूजवळही कोळशाचाच विस्तव आहे, वर मासे, सोबत भाकर. आधी म्हणाला या, न्याहारी करा. "माझ्यावर प्रेम करतोस का" हे विचारणं त्यानंतर. सोडून दिलं नाही हं, तीनदा विचारलं, पेत्राला वाईट वाटेपर्यंत, पण "तू मला नाकारलंस" हे एकदाही तोंडातून काढलं नाही, उलट आपली मेंढरं, म्हणजे आपली माणसं, त्याच्याच हाती दिली.

म्हणून वेळेवर यायचं हे तू त्याला सांगच, पण मत्तय १८:१५ प्रमाणे एकट्याला गाठून, आणि उशीर का होतो ते आधी ऐकून घे. आवाज चढतोय असं वाटलं तर तिथेच थांब, उद्या बोल.

तो मेसेज आत्ताच काढ. मग त्याच्या घरी जा, आणि काय बोलावं सुचलं नाही तर "जेवलास का" इथून सुरू कर.

तुझा काका