कानाचं मशीन लावून आठ दिवस झाले, सगळंच कर्कश वाटतंय, काढून ठेवावंसं वाटतं. सवय व्हायला किती दिवस लागतात?

आधी एवढंच सांगतो, काढून ठेवू नका. मी ठेवलं होतं. चार महिने माझं मशीन कपाटात विम्याच्या पावत्यांच्या डब्यात पडून होतं. त्यामुळे पुढचं सगळं आधी चुकून मग शिकलेल्या माणसाचं समजा.

मी इचलकरंजीत यंत्रमागाच्या खात्यावर, म्हणजे मागांच्या कारखान्यात, 31 वर्षं दिवाणजी होतो. साध्या, धोट्याच्या मागांच्या खात्यात आवाज शंभर डेसिबलच्या आसपास असतो. कारखान्यात आठ तासांसाठी 90 ची मर्यादा धरतात, आणि दहा डेसिबल वाढले म्हणजे ध्वनीची ऊर्जा दहापट होते. कानात कापूस घालायचो आम्ही, कापसाला काय तोटा! पण कापसाने धूळ अडते, आवाज फारसा अडत नाही. खात्यात सगळेच ओठ बघून आणि हाताच्या खुणांनी बोलतात, त्यामुळे आपल्याला कमी ऐकू येतंय हे मला कळलंच नाही. कळलं ते फोनवर. सुताच्या व्यापाऱ्याने 'साठ' सांगितलं आणि मी 'आठ' लिहिलं. फोनवर ओठ दिसत नाहीत ना.

ही 'साठ-आठ'ची गंमत नीट समजून घ्या, तुमच्या कर्कशपणाचं कारण त्यातच आहे. ऐकण्याच्या तपासणीत माझ्या कानाचा आलेख 250 आणि 500 हर्ट्झला, म्हणजे खालच्या पट्टीत, जवळपास चांगला होता, आणि 4000 ला, वरच्या पट्टीत, दाणकन खाली. गोंगाटात काम केलेल्यांचा कान आधी तिथेच जातो. वयाने ऐकू कमी येतं त्यांचीही वरची पट्टीच आधी उतरते. आता आ, ओ, ऊ हे स्वर खालच्या पट्टीतले, पण स, श, फ, थ यांचा जीव वरच्या पट्टीत. म्हणून आपण म्हणतो, 'आवाज येतो हो, शब्द कळत नाही.' 'साठ'मधला स गळला की उरतो 'आठ'.

मशीन नेमकी ही गळलेली पट्टी उचलून देतं. पण त्या पट्टीत फक्त 'स' राहत नाही. तिथे कॅरीबॅगची चुरचुर असते, नळाची धार, चपलेची फटफट, वर्तमानपत्राचं पान, स्टीलची भांडी. पहिल्या संध्याकाळी मी स्वयंपाकघराकडे बघून ओरडलो, "कोण भांडी आपटतंय?" बायको चमचे पुसून डब्यात ठेवत होती, दुसरं काही नाही. ती म्हणाली, "अहो, हे चमचे वीस वर्षं असेच वाजतात."

तर कर्कश वाटतं याचा अर्थ मशीन बिघडलंय असा नाही. आवाज नवे नाहीत, तुमच्या मेंदूला त्यांची सवय सुटली आहे. खात्यात नवीन पोरगं कामाला लागलं की पहिले काही दिवस त्याचं डोकं भणभणतं. मग हळूहळू मागांचा खडखडाट त्याला ऐकू येईनासा होतो. आणि वर्षा-दोन वर्षांनी जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा, झाला की चोवीस मागांतला एक थांबला तरी पाठमोरा असताना त्याची मान वळते. कुठला आवाज टाकून द्यायचा, कुठला धरायचा, हे मेंदू शिकतो. पण त्याला तास भरावे लागतात, आणि डब्यातल्या मशीनचे तास शून्य.

किती दिवस, याचं माझ्यापुरतं उत्तर: घरातल्या घरात दोन-तीन आठवडे, आणि चारचौघांत, बाजारात, कार्यालयात निभावायला सुमारे तीन महिने. कुणाला कमी लागतात, कुणाला जास्त. ज्यांनी दहा-बारा वर्षं दुर्लक्ष केलं (मी त्यातलाच), त्यांनी घाई करू नये.

माझी पहिली चूक ही की दुकानातून निघालो तो थेट भाचीच्या लग्नाला गेलो. बँड, मंगलाष्टकांचा माईक, पंगतीतली ताटं. अर्ध्या तासात मशीन खिशात आणि दुसऱ्या दिवशी डब्यात. दुसऱ्या वेळी आमच्या ऑडिओलॉजिस्ट (ऐकणं तपासून मशीन बसवून देणाऱ्या) मॅडमनी पायऱ्या लावून दिल्या. आधी शांत खोलीत एकाच माणसाशी समोरासमोर बोलायचं. रोज अर्धा तास मोठ्याने वर्तमानपत्र वाचायचं, म्हणजे स्वतःच्या आवाजाची सवय होते. मग टीव्हीवरच्या बातम्या, कारण तिथे खाली पट्टी दिसते आणि ऐकलेलं ताडून बघता येतं. मग दोन-तीन माणसं, मग भाजी मंडई, आणि लग्न सगळ्यात शेवटी. सुरुवातीला रोज तीन-चार तास लावायचो, मग तास वाढवत झोपेपर्यंत. काही ऑडिओलॉजिस्ट पहिल्या दिवसापासून दिवसभर लावायला सांगतात, तेही चालतं. फक्त 'आज कंटाळा आला, उद्या लावू' हे चालत नाही.

आता सवयीने जाणार नाही ते वेगळं काढा, कारण त्यासाठी मुकाट्याने सोसत बसण्यात अर्थ नाही. स्वतःचा आवाज हंड्यात तोंड घालून बोलल्यासारखा येतो? थोडा कमी होतो, पण फारच घुमत असेल तर कानात जाणारी रबरी टोपी बदलून बघता येते. भोकं असलेल्या टोपीने घुमणं कमी होतं. शिट्टी वाजते? टोपी सैल बसली असेल किंवा कानात मळ असेल. ताट पडल्यावर, हॉर्न वाजल्यावर कानात दुखतं? मशीन जास्तीत जास्त किती मोठा आवाज सोडेल याची वेगळी मर्यादा असते, ती खाली आणता येते. मी पहिल्यांदा घेतलं तिथे ही मर्यादा कुणी तपासलीच नव्हती, आलेख संगणकात घातला आणि मशीन हातात दिलं. कान दुखणं, वाहणं, किंवा अचानक एका कानाने ऐकू न येणं, यासाठी मात्र मशीनवाल्याकडे जाऊ नका. कान-नाक-घसा डॉक्टरकडे, आणि अचानक ऐकू येणं बंद झालं असेल तर त्याच दिवशी.

सेटिंगला जाताना 'बरोबर वाटत नाही' म्हणून काही उपयोग नाही, त्यांना काय कळणार. मी दिवाणजीच, त्यामुळे वहीच घातली. 'मंगळवार, नातीचं बोलणं कळलं नाही, मुलाचं कळलं.' 'पापड खाताना दुसरं काही ऐकू येत नाही.' 'गाडीवर वाऱ्याचा आवाज.' अशी दोन पानं घेऊन गेलो तर मॅडमनी वीस मिनिटांत चार गोष्टी बदलल्या. (पापडाचं काही झालं नाही. पंगतीत पापड आला की मी बोलणं थांबवतो.)

आणि घरच्यांना एक सांगून ठेवा. मशीन आलं म्हणून दुसऱ्या खोलीतून हाक मारू नका, जवळ या. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलने पडतो, आणि ते कुठल्याही किमतीचं मशीन पूर्ण भरून काढत नाही. ओरडूही नका, ओरडण्यात स्वर मोठे होतात, 'स' तेवढा वाढत नाही.

बदलायच्या सेलचं मशीन असेल तर सेलवरचा स्टिकर काढल्यावर दोन-तीन मिनिटं थांबून मग आत घाला, हे सेल हवेवर चालतात. रात्री सेलचं झाकण उघडं ठेवा. पावसाळ्यात आमच्याकडे मशीन घामाने आणि दमटपणाने दोनदा बंद पडलं, तेव्हापासून रात्री सिलिका जेलच्या डबीत ठेवतो.

तुमचं कानाच्या आतलं की मागचं, ते लिहिलं नाहीत. मागचं असेल तर हेल्मेट किंवा मास्क काढताना आधी एका हाताने मशीन धरा. माझं पेट्रोल पंपावर पडलं होतं, आणि मागच्या रिक्षावाल्याने हाक मारून दाखवलं. ती हाक दुसऱ्या कानातल्या मशीनमुळे ऐकू आली.