कड राहू द्या, साल काढा

प्रश्न : घरच्या जेवणाच्या टेबलासाठी सागाची एकसंध फळी घेतली आहे. ७ फूट लांब, सुमारे ३ फूट रुंद, २ इंच जाड. दोन्ही कडा झाडाला होत्या तशाच वेड्यावाकड्या आहेत आणि एका कडेला सालही शाबूत आहे. एका टोकाला हातभर लांब चीर आहे. विकणारा म्हणाला, फळी पूर्ण वाळलेली आहे. ती लोखंडी चौकटीवर स्क्रूने घट्ट आवळून बसवायचा बेत आहे. साल ठेवली तर चालेल ना? आणि चीर इपॉक्सीने (दोन घटक मिसळल्यावर घट्ट होणारं रेझिन) भरून टाकू का?

उत्तर : स्क्रू आणि इपॉक्सी बाजूला ठेवा, आधी मॉइश्चर मीटर आणा, म्हणजे लाकडातला ओलावा टक्क्यांत मोजणारं यंत्र. "पूर्ण वाळलेली" याचा अर्थ पुष्कळदा "वरून वाळलेली" एवढाच असतो. उघड्या हवेवर लाकूड वाळायला इंचाला वर्ष असा ढोबळ हिशेब आहे, म्हणजे तुमच्या फळीला निदान दोन वर्षं. भट्टीत वाळवली असेल तर गोष्ट वेगळी, पण तेही मीटरलाच विचारायचं.

मोजताना टोकाजवळचा फूटभर भाग सोडून द्या. टोकं लवकर वाळतात आणि आपल्याला फसवतात. मीटरच्या छोट्या सुया जाड फळीत वरवरचंच सांगतात, म्हणून मी फळीच्या खालच्या बाजूला, जिथे कुणाचं लक्ष जाणार नाही तिथे, सुयांच्या अंतरावर दोन बारीक खिळे इंचभर आत ठोकते आणि मीटरच्या सुया त्यांच्या डोक्यांना टेकवते. पृष्ठभागावर १० टक्के आणि खिळ्यांवर १७ टक्के असा आकडा आला, तर विकणाऱ्याचं बोलणं किती खरं ते कळलंच. घरातलं टेबल ८ ते १२ टक्क्यांच्या दरम्यान असावं, कोरड्या हवेच्या घरात खालच्या आकड्याकडे, दमट घरात वरच्याकडे. मग फळी ज्या खोलीत राहणार त्याच खोलीत, खाली सारख्या जाडीच्या पट्ट्या देऊन, दोन्ही अंगांनी हवा लागेल अशी आडवी ठेवा. आठवड्या-आठवड्याने मोजा. आकडा हलायचा थांबला की मगच हत्यार उचला. नुसती ठेवून द्यायची फळी बघून घरातले चिडवतात, चिडवू द्या.

आता चौकट. वाळलेलं लाकूडसुद्धा हवेतल्या ओलाव्याप्रमाणे फुगतं, आक्रसतं. लांबीत हा फरक नगण्य, रुंदीत मात्र चांगलाच. साग त्या मानाने शांत लाकूड, तरी ३ फूट रुंदीत ओलावा ४ टक्क्यांनी बदलला तर फळी पाव इंचापर्यंत सरकू शकते. लोखंड काही तिच्याबरोबर सरकत नाही. घट्ट आवळलेली फळी मग स्क्रूच्या ओळीत फाटते किंवा पन्हाळीसारखी वाकते. म्हणून चौकटीच्या आडव्या पट्टीत मधलं भोक गोल ठेवा आणि कडेची भोकं फळीच्या रुंदीच्या दिशेने लांबट करून घ्या. रुंद वॉशर घाला. स्क्रू बसेल इतपतच फिरवा, शेवटचा जोर लावायचा मोह आवरा. सागाची एवढी फळी ६५ किलोच्या आसपास भरते, ती स्वतःच्या वजनानेच बसून राहते.

चिरेबद्दल. इपॉक्सीने पोकळी भरते, पण चिरेला पुढे जाण्यापासून धरून ठेवण्याचा भरवसा मी नुसत्या इपॉक्सीवर ठेवत नाही. तिथे डमरूच्या आकाराची लाकडी चावी लागते, चिरेला आडवी. जॉर्ज नाकाशिमा या अमेरिकी जपानी कारागिराने अशा चाव्या लपवल्या तर नाहीतच, त्याच त्याच्या टेबलांची ओळख झाल्या. हा माणूस १९३०च्या दशकात पाँडिचेरीत अरविंद आश्रमाच्या गोलकोंड इमारतीवर काम करत होता. चावी आधी करा, खाच नंतर. चावीच्या लाकडाच्या रेषा तिच्या लांबीत धावल्या पाहिजेत, नाहीतर ती कमरेत मोडते. जाडी फळीच्या तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत. चावी चिरेवर ठेवून धारदार सुरीने भोवती रेघ मारा, पेन्सिलीने नको, कारण पटाशीला सुरीच्या रेघेत टेकायला जागा मिळते. मधलं लाकूड राऊटरने (खाच कोरणाऱ्या यंत्राने) काढा, कोपरे पटाशीने. चावीची खालची कड किंचित निमुळती केली की ठोकताना ती गच्च बसते. जराशी वर राहू द्या, सरस वाळल्यावर रंध्याने सपाट करा. मग हवी तर उरलेली भेग इपॉक्सीने भरा, पण आधी तिच्या आतल्या भिंतींना इपॉक्सीचा पातळ हात मारून घ्या. नाहीतर लाकडातली हवा बुडबुडे होऊन वर येत राहते.

साल ठेवू नका. आज घट्ट वाटते, पण लाकूड आक्रसलं की सुटते, आणि तिच्याखाली किडे मुक्काम करतात. बोथट पटाशीने उचकटा, मग नायलॉनच्या ब्रशने घासा. सालीखालचे चढउतार तेवढे जपा, सँडपेपरने ते सपाट केलेत तर अशी कड घेऊन उपयोग काय?

प्रश्न : दोन फळ्यांच्या मध्ये निळ्या रेझिनची नदी करायची आहे. थर एकदम ओतता येईल का?

उत्तर : मला या नद्यांचा कंटाळा आलाय, पण टेबल तुमचं आहे. साधं इपॉक्सी जाड ओतलं तर स्वतःच्या उष्णतेने तापतं, पिवळं पडतं, तडकतं, धूरही येतो. जाड थरासाठीचं वेगळं रेझिन मिळतं, त्याच्या डब्यावर एका वेळची कमाल जाडी लिहिलेली असते, ती पाळा. लवकर घट्ट व्हावं म्हणून हार्डनर, म्हणजे रेझिन घट्ट करणारा दुसरा घटक, जास्त घालू नका. प्रमाण चुकलं की ते कायमचं चिकट राहतं.

प्रश्न : टेबलाला जवसाचं तेल लावलं. खालच्या बाजूलाही लावायला हवं का?

उत्तर : हो, वर जितके हात तितकेच खाली. एकच बाजू बंद केली तर दोन्ही अंगांनी ओलावा सारखा येत-जात नाही आणि फळी वाकते. तुम्ही विचारलं नाहीत तरी सांगते : तेलाच्या चिंध्यांचा गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. तेल वाळताना उष्णता निर्माण होते, गोळ्यात ती कोंडते आणि चिंध्या आपोआप पेट घेतात. काम संपलं की त्या बाहेर, एकेक पसरून वाळवा, किंवा पाणी भरलेल्या पत्र्याच्या डब्यात बुडवून झाकण लावा.