घर सोडून शिकायला जाण्याआधी आईसोबत खेळता येईल असा छोटा, शांत गेम हवा आहे. ‘अ शॉर्ट हाइक’ला पैसे घालावेत का?

तुझ्या प्रश्नाखाली एक ओळ आहे : ‘आईला गेममधलं ओ की ठो कळत नाही, त्यामुळे सोपा सुचवा.’ त्या ओळीमुळे लिहायला बसले, नाहीतर गेमच्या प्रश्नांना उत्तरं देणं हा माझा प्रांत नव्हे. मी संगमेश्वर तालुक्यातल्या एका वाडीत राहते, माध्यमिक शाळेत गणित शिकवते, आणि हा गेम मी स्वतः खेळून पार शिखरापर्यंत नेला आहे. माझ्या विद्यार्थ्यांच्या वयाचा असशील असं धरून एकेरी लिहितेय.

आधी पैशांचं. घाल. दीड-दोन तासांत संपतो म्हणून महाग, हे गणित मला पटत नाही. नाटकाचं तिकीट काढताना आपण तासावर भाव करतो का? स्टीमवर, म्हणजे कॉम्प्युटर गेमच्या ऑनलाइन दुकानात, अधूनमधून सेल लागतो, तेव्हा घे हवं तर.

गेम असा : क्लेअर नावाची एक लहानशी पक्षीण उन्हाळ्यात मे नावाच्या मावशीकडे राहायला आली आहे. मावशी हॉक पीक नावाच्या सरकारी उद्यानात रेंजर. क्लेअरला एक महत्त्वाचा फोन यायचा आहे आणि डोंगराच्या माथ्यावर गेल्याशिवाय रेंज नाही. म्हणून ती चढायला निघते. बस, एवढंच. मारामारी नाही, घड्याळ लावलेलं नाही, क्लेअर पडली तरी मरत नाही, पंख पसरून तरंगत खाली येते. सोनेरी पिसं मिळतील तशी आणखी उंच उडी मारता येते, कड्याला जास्त वेळ धरून चढता येतं.

पुण्या-मुंबईच्या लोकांना रेंजसाठी डोंगर चढणं ही गोष्टीतली गंमत वाटत असेल. आमच्याकडे तो रोजचा कार्यक्रम होता. घराच्या अंगणात फोन म्हणजे नुसतं घड्याळ. सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या माळावर, कातळ संपतो तिथे एक काजूचं झाड आहे, त्याच्या उगवतीच्या अंगाला उभं राहिलं की दोन दांड्या येतात. दोन पावलं सरकलात की गेल्या. लॉकडाउनमध्ये माझी दहावीची मुलं तिथे छत्र्या उघडून बसायची आणि मी घरी बसून काढलेली गणितं त्यांना दुपारनंतर कधीतरी पोचायची, कारण ती पाठवायलाही कुणाला तरी वर जावं लागे. आता टॉवर झालाय, पण पावसाळ्यात लाइट गेली की तोही झोपतो. तर क्लेअर डोंगराकडे तोंड करून उभी राहिली तेव्हा मला कुणी काही समजावून सांगावं लागलं नाही. ‘आईला कळत नाही’ म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

आता मी हा गेम खेळले कशी, ते.

माझ्या पित्ताशयात खडे निघाले. डॉक्टर म्हणाले काढून टाकू, दुर्बिणीतून होतं, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घरी. लेक तेव्हा पुण्यात इंजिनिअरिंगला, सेमिस्टरचे पेपर चालू. मी घरात सगळ्यांना सांगून ठेवलं की तिला कळवायचं नाही, पेपर संपले की मी बोलेन. तिचे बाबा कुरकुरले, पण गप्प राहिले. मी तिला आदल्या संध्याकाळी सड्यावरून फोन करून ‘जेवलीस का, अभ्यास झाला का’ एवढंच विचारलं, आवाजात काही येऊ दिलं नाही. सगळं ठरल्याप्रमाणे झालं. फक्त माझ्या भाचीने दवाखान्यात भेटायला येऊन माझ्या सलाइन लावलेल्या हाताचा फोटो काढला आणि खाली ‘लवकर बरी हो मावशी’ लिहून स्टेटसला टाकला. लेकीने तो मेसमध्ये जेवताना पाहिला.

पुढचं सांगत नाही. पेपर दिले तिने, चांगले गेले, पण सुट्टीला घरी आली ती तोंड फिरवून. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं. ती चहा करून माझ्यापुढे ठेवायची, गोळ्यांची वेळ झाली की गोळी काढून द्यायची आणि खोलीत निघून जायची. एक दिवस दुपारी लॅपटॉप आणि कंट्रोलर घेऊन माझ्या खाटेशी आली आणि म्हणाली, ‘हे खेळ. संपेपर्यंत मी काही बोलणार नाही.’

ती बोलत होतीच. कारण मी माझ्या पद्धतीने खेळत होते. डाव्या अंगठ्याने चालायचं आणि उजव्याने उडी, एवढं जमायला थोडा वेळ लागला, तोवर क्लेअर चार वेळा समुद्रात. पण मग मी डोंगराकडे गेलेच नाही. किनाऱ्यावर एक पोर शिंपले गोळा करून मागत होतं, त्याला दिले. कुणाचं काय हरवलेलं, ते शोधलं. झारी मिळाली तशी फुलांना पाणी घातलं, तर ती फुलं उमलली आणि त्यांच्यावरून उंच उडता यायला लागलं! एक आडदांड पक्षी सोनेरी पीस चढ्या भावाने विकत होता. मी मोठ्याने म्हटलं, काय लुटायला बसलाय काय हा. लेक म्हणाली, अगं तो कॉलेजच्या फीसाठी पैसे जमवतोय. मग घेतलं. आणि गळ मिळाल्यावर तर मी मासेच पकडत बसले. होडीच्या कडेला, मग ओढ्यात, मग तळ्यात. लेक मागून कळवळून ओरडते आहे, ‘अगं आई, वर चढ ना, फोन यायचाय तिला!’ मी म्हटलं, येईल की, फोन कुठे पळून जातोय.

वर जाताना बर्फ लागतं. थंडीने पिसं गोठतात, मग ती पुन्हा कामाला येण्यासाठी गरम पाण्याच्या कुंडात उतरायचं. हे मला कुणी सांगितलं नाही, वाफ दिसली म्हणून गेले. उन्हाळे, म्हणजे गरम पाण्याचे झरे, काय असतात ते आमच्या तालुक्यातल्या राजवाडी-तुरळच्या माणसाला शिकवावं लागत नाही.

माथ्यावर पोचले आणि फोन वाजला. फोन आईचा. आईचं ऑपरेशन झालेलं आहे, लेक मावशीकडे असताना. आई म्हणते मी बरी आहे. क्लेअरचा जीव टांगणीला लागलेला, आपण तिथे असायला हवं होतं असं तिला वाटतंय, आणि आई तिलाच धीर देते आहे. मग डोंगरावरून वारा वर उसळतो आणि आईच म्हणते, जा, उड.

मी कंट्रोलर ठेवला. लेक म्हणाली, ‘बघितलंस?’

मी म्हटलं, बघितलं. लेक लांब असताना ऑपरेशन करून घेतलं, बरं वाटल्यावर फोन केला. मी याहून वेगळं काय केलं?

तर ती जी पेटली! ‘क्लेअरला फोन येणार हे माहीत होतं. मला काय माहीत होतं? मला माझा मॅथ्सचा पेपर माहीत होता.’ बाबा दारात उभे होते, ते म्हणाले मुद्दा बरोबर आहे. आता त्यांना वाचा फुटली.

माझं म्हणणं आजही तेच आहे. मी डी.एड.ला रत्नागिरीत होते तेव्हा माझ्या वडिलांचा पाय मोडला. आंतरदेशीय पत्रातून मला ते कळलं तेव्हा त्यांचं प्लॅस्टरही निघत आलं होतं. मी रडले, जेवले, वर्गात गेले. लांबून तू करणार काय? सलाइन धरणार? पैसे घालून रात्रीची एसटी पकडणार, पेपर बुडवणार, आणि इथे येऊन माझ्या उशाशी मोबाइल बघत बसणार. काळजी ज्याला उपयोगाची आहे त्याला द्यावी. लेक म्हणते, काळजी ही वाटून दिलेली वस्तू नाही, ती माझी होती आणि तू ती दडवून ठेवलीस. बोलायला हुशार आहे.

पण तुझ्यासाठी सांगते, कारण आता तू निघणार : हा गेम आईबरोबर खेळायचाच असेल तर जाण्याच्या आदल्या आठवड्यात नको, त्याच्या बराच आधी खेळ. आणि खेळून झालं की काय कळवायचं, काय नाही, कधी कळवायचं, ते दोघांनी तोंडाने बोलून ठरवा. आमच्याकडे आता ठरलंय की चाकू लागणार असेल तर आधी सांगायचं. ताप-खोकला नाही सांगणार. हे मी मान्य केलं ते घरात शांतता राहावी म्हणून, मत बदललेलं नाही.

आणि आईच्या हातातून कंट्रोलर ओढून घेऊ नकोस. ‘दे मी करतो’ म्हटलंस की संपलं.

राहिलेल्या गोष्टी. शेवट मी सांगून टाकला, इलाज नव्हता. मराठी नाही, संवाद इंग्रजीत वाचावे लागतात, सोपे आहेत, पण तुझी आई वाचत नसेल तर तू मोठ्याने वाचून दाखव. चित्रं मुद्दाम चौकोनी ठिपक्यांची केलेली आहेत, मला पहिल्यांदा चष्मा बदलायला झालाय असं वाटलं. सेटिंगमध्ये ते ठिपके बारीक करता येतात. कोपऱ्यात नकाशा नसतो, वाट चुकते, चुकू दे. साधा लॅपटॉप पुरतो. हा गेम अॅडम रॉबिन्सन-यू नावाच्या एका कॅनेडियन माणसाने 2019 मध्ये, हातातलं मोठं काम बाजूला ठेवून काही महिन्यांत केला आणि 2020 मध्ये इंडिपेंडंट गेम्स फेस्टिव्हल या स्वतंत्र गेमकारांच्या महोत्सवाचं सर्वांत मोठं बक्षीस त्याला मिळालं. हे व्याख्यान लेकीचं.

थेट घर सोडण्यावरचाच हवा असेल तर ती ‘सेबल’ सांगते, 2021 चा. त्यात वयात आलेली मुलगी आपला तांडा सोडून वाळवंटात फिरायला निघते, आपला मुखवटा कुठला ते शोधायला. तो बराच लांब आहे. मला त्यात फार एकटं वाटलं, अर्ध्यावर सोडला. लेकीला तोच जास्त आवडतो, यात काय ते समज.

ती हे उत्तर वाचणार आणि खाली आपली बाजू लिहिणारच. तिला आधीच सांगून ठेवते : क्लेअरला फोन येणार हे माहीत होतं ना? तरी वाटेत तिने पोतंभर मासे पकडले. आता म्हणशील ते तू पकडलेस. मग गेमने पकडू कशाला दिले?